देवबागच्या पाच पायऱ्या

सासूबाई दरवर्षी माघी वारीला पंढरपूरला जातात, लग्न होऊन आले तेव्हापासून मी बघतेय एकदाही चुकलेली नाही, पण यंदा गुडघ्यांनी साथ सोडली आणि डॉक्टरांनी गर्दीत तासन्‌तास उभं राहायचं नाही असं स्पष्टच सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. नुसत्या खिडकीत बसून राहायच्या, माळ हातात, नजर बाहेर. ते मला बघवेना. म्हणून मी आणि नवऱ्याने ठरवलं की त्यांना कुठेतरी शांत जागी घेऊन जायचं, जिथे चालावं लागणार नाही, नुसतं बसलं तरी समोर काहीतरी असेल. सासूबाई साताऱ्याकडच्या, आता ठाण्यात राहतात, पण समुद्राच्या काठी मुक्काम म्हणून आयुष्यात कधी केलेला नाही. मग देवबागला समुद्राला लागून असलेलं एक अख्खं घर पाच रात्रींसाठी घेतलं.

पहिला दिवस, एकादशी

कोकणकन्येने रात्री ठाण्याहून निघालो, सकाळी कुडाळ. रिक्षावाल्या दादांना आधीच फोन करून ठेवला होता. कुडाळहून मालवणच्या रस्त्यावर धामापूरचा तलाव लागतो, तिथे पाच मिनिटं थांबू म्हटलं आणि अर्धा तास गेला. काठावर भगवतीचं देऊळ, पायऱ्या थेट पाण्यात उतरलेल्या, चहूबाजूंनी झाडी आणि पाणी इतकं स्थिर की झाडं उलटी उभी असल्यासारखी. हा तलाव १५३० सालचा आहे, पाचशे वर्षं होत आली आणि अजून शेतीला पाणी देतोय, २०२० मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला. सासूबाईंनी पाण्यात हात बुडवून डोळ्यांना लावला आणि म्हणाल्या, झाली माझी चंद्रभागा. मी तोंड फिरवलं कारण डोळ्यात पाणी आलं होतं.

मालवण ओलांडून तारकर्ली, आणि तारकर्लीच्या पुढे देवबाग. हे गाव म्हणजे जमिनीची एक बारीक पट्टी आहे, पश्चिमेला अरबी समुद्र आणि पूर्वेला कर्ली नदी, आणि टोकाला दोघांचा संगम. काही ठिकाणी रस्त्यात उभं राहिलं की उजवीकडून लाटांचा आवाज येतो आणि डावीकडे माडांच्या फटीतून नदी दिसते. बेट नाहीये, पण बेटावर आल्यासारखंच वाटतं, कारण रस्ता एकच आणि तो इथेच संपतो.

घर बघितलं आणि आधी मला राग आला, ते सांगितलंच पाहिजे. बुकिंगच्या ॲपवर जो फोटो होता त्यात घरासमोर सहा माड आणि त्यांच्यापुढे ही एवढी रुंद वाळू. प्रत्यक्षात माड दोन, आणि वाळू त्याच्या निम्मी पण नाही. जांभ्या दगडाचं कौलारू घर, पडवी, सारवलेलं खळं म्हणजे अंगण, तुळस, सगळं तसंच होतं, फक्त समुद्र फोटोपेक्षा खूप जवळ. मी नवऱ्याला हळूच म्हटलं की आपल्याला जुना फोटो दाखवून फसवलंय, तेवढ्यात मागच्या घरातून काका आले. घर त्यांचंच, पाहुणे आले की ते दोघं मागच्या दोन खोल्यांत राहतात.

“येवा, येवा. दमलास काय? पाणी घेवा आधी.”

मी फोटोचं विचारलं. काकांनी मोबाईल हातात घेऊन तो फोटो बराच वेळ बघितला. म्हणाले की ह्यो सात वर्षांपूर्वीचो, कोणीतरी येऊन काढून नेला होता, बदलायला सांगून थकलो. मग त्यांनी बोटाने एकेक माड दाखवला. हे दोन तौक्ते वादळात गेले, हा त्याच्या पुढच्या पावसात, आणि हा गेल्या वर्षी, मुळं उघडी पडून. माझा राग तिथेच विरला.

खळ्यातून वाळूत उतरायला जांभ्याच्या पाच पायऱ्या आहेत. पाचही मोजून घ्या, त्या पुढे लागणार आहेत.

काकी एकादशीच्या असल्यामुळे स्वयंपाकाचा प्रश्नच आला नाही. वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, उकडलेली रताळी आणि ओल्या नारळाची चटणी. सासूबाई माळकरी, मासे खाणाऱ्या गावात आपलं कसं होणार ही काळजी घेऊन आल्या होत्या, ती पहिल्या पानावरच गेली. जेवताना काकींना कळलं की यांची वारी चुकली आहे, तर त्यांनी काही न बोलता आमटीची आणखी एक वाटी वाढली.

दुपारी अडीचच्या सुमारास ओहोटी पूर्ण होती. लेक आणि मी खाली उतरलो. ओल्या वाळूवर नखाएवढे खेकडे असतात, तुम्ही पाऊल टाकलं की गायब. पण हलू नका, दोन मिनिटं दगडासारखं बसून राहा. मग एकेक भोकातून बाहेर येतो, वाळू चिमट्यांनी तोंडाकडे नेतो, त्यातलं खाण्यासारखं काढून घेतो आणि उरलेल्या वाळूची मोहरीपेक्षा थोडी मोठी गोळी करून मागे टाकतो, पुन्हा घास, पुन्हा गोळी. भोकापासून बाहेर पसरत जाणाऱ्या अशा शेकडो गोळ्यांच्या रांगा, अगदी कोणीतरी रांगोळीचे ठिपके घालावेत तशा. लेकीने विचारलं की हे रोज करतात का, आणि काका वरून म्हणाले की भरती येऊन पुसते, ओहोटीला परत करतात, दिवसातून दोनदा. ती तिथून तासभर उठली नाही.

संध्याकाळी काका आणि सासूबाईंची मैत्री झाली ती तिथीवरून. सासूबाईंना पंचांग तोंडपाठ. काका म्हणाले, मग तुमका भरती काढता येतली. हिशोब असा की जी तिथी असेल तिचे पाऊणपट करायचे. “आज एकादशी, अकराचे पाऊणपट सवाआठ. सवाआठाक भरती, सकाळी पण आणि राती पण. मोबाईल कित्याक होयो?” उद्या द्वादशी म्हणजे नऊ, परवा पावणेदहा, असं रोज पाऊण तास पुढे. पौर्णिमेला सव्वाअकरा आणि मग प्रतिपदेपासून पुन्हा एकपासून मोजायचं. रात्रीची भरती सकाळच्यापेक्षा पाव-अर्धा तास उशिरा धरायची. अष्टमीच्या आसपास पाणी कमी चढतं त्याला भांग म्हणतात, आणि अमावस्या-पौर्णिमेला जोरात चढतं ते उधाण. नवऱ्याने मोबाईलवर ताडून बघितलं, थोड्याच मिनिटांचा फरक. सासूबाईंचा चेहरा असा उजळला की काय सांगू, आयुष्यभर उपासासाठी मोजलेल्या तिथ्या इथे समुद्राच्या घड्याळाचे आकडे निघाले.

रात्री पाणी पायऱ्यांपासून दहा-बारा पावलं लांब होतं. लेकीने चुलीतला कोळसा आणून सगळ्यात खालच्या पायरीवर “एका.” लिहिलं आणि बाण काढला की पाणी लांब आहे.

दुसरा दिवस, द्वादशी

पहाटे काकांनी दार वाजवलं, रापण लागलीय, बघायची तर चला.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. दोराचं एक टोक काठावर ठेवून होडी जाळं सोडत सोडत समुद्रात अर्धवर्तुळ घेते आणि दुसरं टोक लांब पुढे काठावर आणून देते. मग दोन्हीकडे पंधरा-वीस माणसं, दोर खांद्यावर, पाय वाळूत रोवून मागे मागे जातात. एकाने आवाज द्यायचा, बाकीच्यांनी ओढ घ्यायची. जसजसं जाळं जवळ येतं तसतशा दोन्ही रांगा एकमेकींकडे सरकतात. नवऱ्याने विचारलं हात लावू का, तर एक आजोबा म्हणाले लाव ना, विचारतस कित्या. पाऊण तास ओढून त्याच्या तळहातांना फोड आले पण मी त्याला इतका खूश बऱ्याच दिवसांत बघितला नव्हता.

जाळ्याचं पोट काठाला लागलं तेव्हा पाणी चांदीसारखं उसळत होतं. पेडवे, तारले, थोडे बांगडे, चार-पाच मुडदुशी, लेपी, आणि चिंबोऱ्या. मी म्हटलं किती हो मासे, तर आजोबा गप्प राहिले. काकांनी नंतर सांगितलं की हे कमी आहे. पूर्वी एका ओढीत टोपल्या कमी पडायच्या, आता कधीकधी दोर ओढणाऱ्या माणसांचं पण भागत नाही. मोठ्या यांत्रिक बोटी पर्ससीन जाळ्याने थवेच्या थवे उचलतात, मग काठापर्यंत येणार काय? २०१६ मध्ये सरकारने पर्ससीनवर निर्बंध आणले, पण समुद्रात रात्री कोण काय करतं ते काठावरच्या माणसाला नुसतं दिव्यांवरून कळतं. हे सांगताना त्यांचा आवाज चढला नाही आणि म्हणूनच जास्त लागलं. रापणीत वाटे असतात, माणसांचे, होडीचे, जाळ्याचे. कोणीही हात लावला तर त्याला रिकामं पाठवत नाहीत, नवऱ्याच्या हातात पण एका माडाच्या झावळीत आठ बांगडे आले.

त्या बांगड्यांचं काकींनी तिखलं केलं. मी चुलीपाशीच बसले होते. लाल मिरची, धणे, हळद आणि थोडंसं ओलं खोबरं पाट्यावर वाटलं, आमसुलं टाकली, आणि मग तिरफळं. सुकलेल्या तिरफळाच्या आत काळी चकचकीत बी असते, ती काढून टाकायची आणि नुसतं साल जरा ठेचून घ्यायचं. बी राहिली तर कडू होतं. बांगडा, तारला अशा तेलकट माशालाच तिरफळ घालतात, कोलंबीत कोणी घालत नाही. “तिरफळ चावूचा नाय, वास घेवचो फक्त,” असं काकींनी लेकीला बजावलं पण तिने चावलंच, आणि जीभ पाच मिनिटं बधिर. ती घाबरली आणि मग तिला इतकं आवडलं की दुसरं शोधायला लागली.

सासूबाईंचं द्वादशीचं पारणं वेगळ्या भांड्यांत केलं होतं, काळ्या वाटाण्याचं सांबारं, केळफुलाची भाजी, घावणे. काकींनी तांब्याचा एक टोप माळ्यावरून खास काढला, म्हणाल्या यात कधी मासा शिजला नाही, सासूबाईंचा आहे, म्हणजे त्यांच्या सासूबाईंचा.

दुपारी विहिरीचं कळलं. घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, मागे नदी पण खाडीसारखी खारी, आणि मधल्या विहिरीचं पाणी गोड. मला पहिल्यांदा खरंच वाटेना. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे त्याच्या वर तरंगून राहतं. जमिनीखाली गोड्या पाण्याचा एक थर, त्याखाली समुद्र. हाताने शेंदलं तर वर्षभर पुरतं. पंप लावून एकदम उपसलं की खालचं खारं पाणी वर येतं आणि विहीर बिघडते. काकांच्या विहिरीला अजून रहाटच आहे. वैशाखात थोडं मचूळ लागतं म्हणे. त्या दिवसापासून आम्ही चौघांनीही एकेका बादलीत आंघोळ केली, कोणी सांगितलं नव्हतं.

रात्रीची खूण: पाणी सहा पावलं लांब.

तिसरा दिवस, त्रयोदशी

आज मालवण आणि सिंधुदुर्ग किल्ला. मला वाटत होतं निवांत जाऊ, काकांनी मात्र सांगितलं की साडेनऊ-दहाला धक्क्यावर पोचा. कारण भरतीला होडी धक्क्याच्या बरोबरीला येते, आजींना नुसतं पाऊल टाकावं लागेल. ओहोटीला गेलात तर खाली उतरावं लागेल आणि गुडघे दुखतील. किती साधी गोष्ट, पण मी प्रवासाची इतकी तयारी केली, रिक्षा, रेल्वे, औषधं सगळं लिहून काढलं, त्यात हे कुठेच नव्हतं. आम्ही पावणेदहाला पोचलो, होडी काठाला टेकलेली, होडीवाल्या मुलाने आजी हात द्या म्हणून हात धरला आणि सासूबाई आरामात आत.

२५ नोव्हेंबर १६६४ ला शिवाजी महाराजांनी मालवणच्या किनाऱ्यावर पूजा करून या किल्ल्याचं काम सुरू केलं, ती जागा म्हणजे मोरयाचा धोंडा. समोरचं कुरटे नावाचं बेट, त्यावर सुमारे ४८ एकरांचा किल्ला, तीन वर्षांत उभा राहिला. होडी अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा दिसतच नाही, तट असा वळवलाय की दरवाजा दोन बुरुजांच्या कुशीत लपलाय. पायाच्या दगडांत शिसं ओतलंय असं सांगतात. साडेतीनशे वर्षं चारही बाजूंनी लाटा मारतायत आणि तो उभा आहे, हे वाचणं वेगळं आणि तटावर हात ठेवून खालचा धडाका अंगात जाणवणं वेगळं.

आत राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिर आहे, महाराजांच्या हाताचे आणि पायाचे ठसे छोट्या घुमट्यांमध्ये जपलेत. सासूबाई त्या हाताच्या ठशासमोर उभ्या राहिल्या, हात जोडले आणि बराच वेळ तशाच. आणि मग तीन विहिरी. दूधबाव, दहीबाव, साखरबाव. समुद्रात किल्ला आणि आत गोडं पाणी. लेक पटकन म्हणाली, काकांच्या विहिरीसारखं! मला इतका अभिमान वाटला तिचा.

बाजारातून खाजं घेतलं, गुळाच्या आणि आल्याच्या पाकातलं, ते ताजं गरम असतानाच घ्या. मासळीबाजारात मी नुसतीच बघत उभी राहिले. जास्त काही सांगण्यासारखं नाही, ऊन फार होतं.

पण रात्र! शेजारच्या वाडीत जत्रा होती आणि दशावतार. काका म्हणाले, नाटक बघल्याशिवाय गेलात तर कोकण बघलास नाय. साडेअकराच्या पुढे सुरू झालं. सुरू व्हायच्या आधी आम्ही देवळाच्या मागे गेलो तर एक माणूस पेटाऱ्यावर टेकवलेल्या हातभर आरशात बघून स्वतःच स्वतःचा चेहरा रंगवत होता, आधी पांढरा हात, मग गुलाबी, मग काजळाची रेघ कानापर्यंत. शेजारी त्याचा मोबाईल चार्जिंगला. दहा मिनिटांत तिथे बाई बसली होती, नुसती नऊवारी नेसलेला पुरुष नव्हे, खरोखर बाई, मान वळवायची पद्धतसुद्धा बदलली. लिहिलेली संहिता नसते, कथानक ठरवतात आणि संवाद तिथल्या तिथे. संकासुर राक्षस आला तेव्हा लेक माझ्या पदरात शिरली. मृदंग आणि झांजेच्या आवाजात सासूबाई मान डोलवत होत्या, देव आणि राक्षस यांचा वाद चालला होता त्यात तुकोबांचा एक अभंग येऊन गेला आणि त्यांनी माझा हात दाबला. तीन वाजता परतलो, थंडी चांगलीच होती, काकींनी गोधडी दिली होती बरोबर.

खूण त्या रात्री राहिली. सकाळी बघितलं तर खालच्या पायरीला फेसाची वाळलेली रेघ होती.

चौथा दिवस, चतुर्दशी

उशिरा उठलो. दुपारनंतर नदीच्या बाजूने होडी घेतली. कर्लीचं पाणी हिरवं, दोन्ही काठांना माड, पलीकडे भोगव्याची वाळू. संगमाजवळ वाळूचा एक उंचवटा आहे ज्याला सगळे त्सुनामी आयलंड म्हणतात, २००४ च्या त्सुनामीनंतर वर आला असं लोक सांगतात. तो ओहोटीलाच मोकळा होतो, म्हणून चार-साडेचारला गेलो. तिथे गर्दी आणि मोटरबोटींचा गोंगाट होता, आम्ही पंधरा मिनिटांत निघालो. लोकांचा धंदा आहे, चालायचाच, पण संगम बघायचा तर होडीवाल्याला सांगून थोडं पुढे न्यायला लावा आणि इंजिन बंद करा. नदीचं हिरवं पाणी आणि समुद्राचं निळं यांच्यात एक सरळ रेघ दिसते, फेसाची, कचऱ्याची, आणि ती हलत असते. होडीवाला म्हणाला, ही रेघ काल तिकडे होती, वाळू रोज जागा बदलते, आम्ही पण रोज नवीन वाट काढतो.

परत आल्यावर काका पायऱ्यांवर बसले होते. तौक्ते वादळाचं विचारलं. १६ मे २०२१. म्हणाले, वारा तर आधीही बघितला होता, २००९ चं फयान बघितलं, पण तौक्तेला पाणी वेगळंच होतं. “त्या रातीक पाणी खळ्यात इला. तुळशीक लागला.” पाचही पायऱ्या पाण्याखाली. काकी देव्हाऱ्यातले देव पदरात घेऊन मागच्या खोलीत बसल्या होत्या. नंतर कित्येक दिवस वीज नव्हती. पुढे काही ठिकाणी दगडांचा बंधारा घातलाय, तो दिसतो चालताना, काळे मोठे धोंडे. काकांचं म्हणणं की बंधारा जिथे संपतो तिथून पुढे लाट जास्त खाते, एकाचं वाचतं आणि शेजाऱ्याचं जातं. मग ते म्हणाले की समुद्राचं पण देणं-घेणं असतं, पावसात वाळू नेतो, थंडीत परत आणून टाकतो, माघ-फाल्गुनात किनारा सगळ्यात रुंद असायला हवा. होयो, असं म्हणून ते समोर बघत राहिले.

मी त्यांना विचारलं की इथून जावंसं वाटत नाही का. मुलगा बोरिवलीला आहे, बोलावतो. काकांनी उत्तर दिलं नाही, काकी आतून म्हणाल्या, “विहीर कोण शेंदतला मगे?”

रात्री पावणेअकराला पाणी खालच्या पायरीवर चढलं. लेकीने झोपेतून उठून कोळशाने “चतु.” लिहिलं.

पाचवा दिवस, पौर्णिमा

दिवसभर काहीही केलं नाही. हे मी मुद्दाम सांगतेय. सकाळी शिरवाळे, तांदळाच्या पिठाच्या उकडलेल्या शेवया आणि नारळाच्या दुधात गूळ-वेलची. लाकडी साच्याचा दांडा दाबायला दोघं लागतात, काकी आणि माझा नवरा. सासूबाई पडवीत हरिपाठ म्हणत बसल्या, काका शेजारी जाळं विणत. कधीतरी दोघं तिथीवर काहीतरी बोलायचे आणि पुन्हा आपापल्या कामात. मी झोपले, उठले, समुद्र बघितला, परत झोपले. संध्याकाळी साडेपाचला ओहोटी इतकी लांब गेली की रोज कधी न दिसलेले खडक उघडे पडले, आणि मागे माडांमधून चंद्र वर येत होता, समोर सूर्य जात होता, आणि आम्ही त्या पट्टीवर मधोमध.

“थंडीत रातचा पाणी मोठा, पावसात दिसाचा,” काका म्हणाले. “आज बघा.” चपला, खुर्च्या, लेकीचं बादली-फावडं सगळं वर घ्यायला लावलं. बाहेरचे दिवे त्यांनी स्वतः बंद केले, या दिवसांत कासवं अंडी घालायला येतात, उजेड दिसला तर परत जातात.

अकराला आम्ही सगळे सगळ्यात वरच्या पायरीवर. चांदण्यात लाटेची कड लांबून पांढरी दिसायची, मग ती मोडायची, मग एक पातळ चादर सरसरत यायची आणि वाळूत जिरायची. प्रत्येक चादर आधीच्यापेक्षा एक हात पुढे. पहिल्या पायरीवर आली, मागे गेली. थोडा वेळ तिथेच. मग अचानक दोन मोठ्या लाटा लागोपाठ आणि दुसरी पायरी गेली. लेक माझा हात घट्ट धरून मोजत होती. साडेअकराच्या पुढेमागे एक लाट आली ती तिसऱ्या पायरीला लागली, पाणी पायरीच्या वरून सांडून खाली गेलं, जांभा काळा चकचकीत झाला. सासूबाई उठल्या. काठी टेकत एक पायरी उतरल्या, मी धरायला गेले तर त्यांनी नको म्हणून हात केला, आणि चौथ्या पायरीवर बसून पाय तिसरीवर सोडले. पुढच्या लाटेने त्यांच्या पावलांना पाणी लागलं.

“विठ्ठला,” एवढंच म्हणाल्या.

काकांनी हातातल्या टॉर्चने तिसऱ्या पायरीवरची ओली रेघ बघितली आणि काकींना म्हणाले, ठरल्याप्रमाणे आहे. बारानंतर पाणी उतरायला लागलं तशी सगळी झोपायला गेली, मी आणि सासूबाई अजून बराच वेळ बसलो होतो.

सहावा दिवस, प्रतिपदा

सकाळी सातला रिक्षा येणार होती. काकींनी आमसुलं, तिरफळांची पुडी आणि सासूबाईंसाठी कुळथाचं पीठ बांधून दिलं. पैसे घेईनात, आमसुलांचे तरी घ्या म्हणून मी जबरदस्तीने हातात कोंबले.

लेक शेवटची खूण करायला कोळसा घेऊन पळाली आणि खालून ओरडली, आई, सहा आहेत!

आम्ही गेलो. रात्रीच्या पाण्याने पायथ्याची वाळू नेली होती, हातभर तरी. आणि सगळ्यात खालच्या पायरीच्याही खाली आणखी एक पायरी उघडी पडली होती. जुन्या घडणीची, कडा झिजलेल्या, शेवाळाचा काळपट हिरवा थर आणि त्याला चिकटलेले पांढरे बारीक शिंपले. पाच रात्री आम्ही तिच्या डोक्यावर चालत होतो.

काका मागून आले. त्यांनी ती पायरी बघितली, खाली वाकून तिच्यावरची वाळू तळहाताने बाजूला केली.

“ही बाबांच्या वेळची,” म्हणाले. “ही पावसात दिसता, आषाढात. माघात कशी दिसली?”

कोणीच काही बोललं नाही. लेक कोळसा हातात धरून उभी होती, तिने काकांकडे बघितलं आणि काही न लिहिता तो खिशात टाकला. रिक्षाचा हॉर्न वाजला. सासूबाईंनी काकींना मिठी मारली, पुढच्या माघीला येते म्हणाल्या, काकींनी हो म्हटलं.

रिक्षा वळताना मी मागे बघितलं. काका घमेलं घेऊन खाली उतरत होते.